मथुराताई वाटेतच हाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि ज्यांच्या देखत हे घडलं त्या सासूबाईंना तर मुळीच नाही — त्या बिचाऱ्या गेल्या, आणि जाईपर्यंत त्यांना वाटत होतं की सून त्या दिवशी फोनवर रेडिओचंच काम करत होती. एका अर्थी करतच होते. तेच तर सांगायचंय. पण एकदम सांगता येत नाही. जरा वळसा घेऊन येऊ द्या मला.

औंढ्याच्या आसपास तुम्ही राहिला असाल तर मला ओळखत असाल. चेहऱ्यानं नाही — चेहरा काही लक्षात राहण्यासारखा नाही. मी लहानखुरी, चष्म्याची, कारकुनाची बायको. रेडिओ केंद्रावर कुणी मला भेटायला आलं की माझ्या खांद्यावरून मागं बघायचं, खरी बाई कुठं आहे म्हणून. मग मी तोंड उघडायचे, आणि त्यांचे डोळे मोठे व्हायचे. "अरे, ह्याच की मथुराताई!"

तर मी मथुराताई. म्हणजे मथुराताईचा आवाज मी.

आमचं रेडिओ केंद्र अगदी लहान. दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. पंखा लावला की त्याची घरघर आत यायची, म्हणून ऐन उन्हाळ्यात पंखा बंद करून आम्ही घामाघूम होऊन लोकांना हसवायचो. मथुराताईची मालिका लिहायचे माने सर. निवृत्त शिक्षक, स्वतः कधी हसताना मी त्यांना पाहिलं नाही, पण त्यांचा कागद हातात घेतला की मला वाचता वाचता खोकला यायचा, इतकं हसू.

मथुराताई समाजसेविका. गावोगावची भांडणं मिटवणार, कुणाची दारू सोडवणार, कुणाची पोर शाळेत घालणार — आणि तिकडं तिच्या घरात दूध उतू जाणार. तिच्या पिशवीत जगातलं सगळं सापडायचं, स्कुटीची किल्ली तेवढी सापडायची नाही. दोन भावांच्या वादातली शेळी 'निकाल लागेस्तोवर ताईकडं राहू द्या' म्हणून तिच्या ओसरीवर आली ती कधी गेलीच नाही, मधे व्यायलीसुद्धा. सासरी नांदायचं नाही म्हणणारी एक सून स्वैपाकघरात मुक्कामाला, तिला न्यायला आलेला नवरा गच्चीवर मुक्कामाला, आणि मथुराताईचा स्वतःचा नवरा भाकरी-लोणचं घेऊन शेळीशी गप्पा मारत बसलेला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! आणि अशात कुणाचाही फोन आला की ही बाई — केस ओले, एका पायात चप्पल, दुसरी पलंगाखाली शोधतेय — ठणकावून सांगायची, "वाटेतच हाय!"

या वाक्याला लोक हमखास हसायचे. का हसायचे? खोटं बोलते म्हणून? नाही. कारण भाग संपायच्या आत ती खरंच पोचायची. उशिरा, धुळीनं माखून, भलतीच पिशवी खांद्याला लावून — पण पोचायची. माने सरांचा तेवढा एक नियम होता. मी एकदा म्हटलं, सर, एखाद्या भागात नाही पोचली तर? आणखी हसतील लोक. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मग ते विनोदी राहत न्हाई, बाई."

मला तेव्हा ते कळलं नव्हतं.

आणखी एक सांगते, मग मुद्द्यावर येते. नागनाथाच्या गाभाऱ्यात वाकून, अंग चोरून खाली उतरताना छातीत जे होतं ना — तसं मला एकदा रस्त्यावर झालं होतं. संध्याकाळची वेळ, मी भाजी घेऊन घरी चाललेले. एका घरातून माझा आवाज आला. पुढच्या घरातूनही. न्हाव्याच्या दुकानातून, रसवंतीतून, उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरून. सगळीकडं मीच बोलत होते, आणि लोक हातातलं काम थांबवून हसत होते. मी तिथंच रस्त्याच्या कडेला मेथीची जुडी धरून उभी राहिले. एवढं मोठं काहीतरी माझ्या घशातून निघालं होतं, आणि कुणी माझ्याकडं बघतही नव्हतं. मला भीती वाटली, आणि ती भीती फार गोड होती. या गोड भीतीनंच पुढं माझा घात केला, असं मी म्हणू शकले असते. पण घात माझा झालाच नाही. झाला तो दुसऱ्याच बाईचा.

मालिकेचा भाग संपला की पाठोपाठ 'ताईला फोन' असायचा. लोक फोन लावायचे, आणि मी मथुराताई म्हणून उत्तर द्यायचे. थेट कार्यक्रम, कागद नाही, काही नाही. आणि नियम असा की माईक चालू असेस्तोवर मी मथुराताईच. कुणी विचारलं, ताई, शेळी कशी आहे, तर शेळीची तब्येत सांगायची.

एका उन्हाळ्यात, लग्नसराईत, असाच एक फोन आला. बाईचा आवाज, जरा घोगरा. तिनं शेळीचं विचारलं नाही. म्हणाली, "ताई, उद्या आमच्या तांड्यावर येता का?" मी म्हटलं, "अगं बाई, येते काय म्हणतेस, वाटेतच हाय!" काचेपलीकडं सगळे हसले. ती हसली नाही. "बराबर," म्हणाली आणि फोन ठेवला.

कार्यक्रम संपला, मी पाणी पीत होते, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तीच होती. जमनाबाई. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं त्यांचा तांडा. मालक वारल्यापासून दीरच सगळं बघत होता, आणि त्यानं तिच्या पोरीची सोयरीक जमवून टाकली होती. पोरगी नववीत. मनीषा नाव. लग्न दुसऱ्याच दिवशी दुपारी. पोरीनं अन्न सोडलं होतं.

मी म्हटलं, अहो, मी काय करणार, मी खरी मथुराताई नाही, ते नाटक आहे. यावर ती जे बोलली ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

"नाटक हाय ते मला म्हाईत हाय, ताई. मी येडी न्हाई. पन आवाज तर खऱ्याच बाईचा हाय ना?"

मग तिनं समजावून सांगितलं, शांतपणे, लेकराला सांगावं तसं. पोलीस आणले तर लग्न थांबेल, पण तिला तांड्यात कुणी जगू देणार नाही. दीर तर नाहीच. अंगणवाडीची बाई मदत करायला तयार होती, पण तिलाही तिथंच राहायचं होतं. "तुमचं नाटक तांड्याचे म्होरके, आमचे नायक ऐकतेत, दीर ऐकतो, नवऱ्या मुलाकडचेबी ऐकतेत. तुमी मांडवात हुब्या राहून मथुराताईवानी दोन शब्द बोलल्या, तर हसत हसत माघार घेता येईल मानसायला. हसत माघार घेतली की तकलीफ न्हाई व्हत." बघा — आम्ही वर्षानुवर्षं ती मालिका केली, पण ती कशासाठी आहे हे आमच्यापैकी कुणालाच एवढं नीट समजलं नव्हतं.

मी तिला माझा मोबाईल नंबर दिला, 'येते' म्हटलं. आणि त्याच श्वासात पुढं म्हटलं, "सकाळी हिंगोलीला काम आहे, ते उरकून तिकडूनच येते."

हिंगोलीला मला काहीही काम नव्हतं. मग हे मी का म्हटलं? न जायचं तेव्हाच ठरवलं होतं का मी? मी मनाशी पुष्कळ वेळा वाद घातला आहे. रात्रीतून धीर गेला, असं समजायला मला आवडतं. पण ते हिंगोलीचं वाक्य मधे येतं. ज्याला जायचं असतं तो पळवाट आधी खणून ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी कुरडया होत्या. गहू आधीच भिजत घातलेले, चीक काढून ठेवलेला. तुम्हाला माहीत असेल, चीक शिजला की थांबता येत नाही. गरम आहे तोवर सोऱ्यातून घालाव्या लागतात, थंड झाला की गोळा होतो. पण ही सबब मी तुमच्यापुढं ठेवणार नाही. सासूबाई होत्या, शेजारच्या दोघी होत्या. मी उठून गेले असते तर एक कुरडई कमी झाली नसती. औंढ्याहून तो तांडा आहे तरी किती लांब? रिक्षानं अर्धा तास.

खरं असं की मी घाबरले होते. मांडवात तिचा दीर असणार, वऱ्हाड असणार, काठ्या घेतलेले पुरुष असणार — आणि त्यांच्यात उभी कोण, तर चष्म्यातली ही चिमणी. माझं तोंड उघडण्याआधीच लोक माझ्या मागं बघायला लागतील, खरी बाई कुठं आहे म्हणून. आणि मागं कुणीच नसेल.

गच्चीवर धोतर पसरून आम्ही कुरडया घालत होतो. फोन पदराला गुंडाळून जवळ ठेवलेला. बंद का नाही केला? वाटलं, न उचलता वाजू दिला की ती समजून जाईल. पण वाजला आणि मी उचलला.

"कुठवर आल्या, ताई?"

"वाटेतच हाय!" तोंडातून आपोआप निघालं. आणि निघालं ते माझ्या आवाजात नाही, मथुराताईच्या. "हिंगोली सोडली बघ. स्कुटीला आज लई माज आलाय, पण आनते तिला."

पलीकडं कुणीतरी हसलं. एक जण नाही, पुष्कळ जण. मला वाटलं, लग्नघर आहे, आपल्या आपल्यात हसत असतील.

थोड्या वेळानं दुसरा फोन. मी म्हटलं, बोलता बोलता धरणाचा फाटा मागं राहिला आणि मी थेट जवळा बाजारात येऊन पडले. आज बाजार. रस्त्यात शेळ्याच शेळ्या. एक शेळी स्कुटीवर पाय देऊन माझी पिशवी खातेय आणि मालक म्हणतो, ताई, तिला सवय न्हाई, तुमीच काहीतरी खायचं ठिवलं असंल. पुन्हा हसू आलं, आधीपेक्षा मोठं. हात चिकाचा, फोन खांद्यानं कानाशी धरलेला, आणि मी उन्हात बसून रंगात आले होते. हे लिहायला हात धजत नाही, पण कबूल करायला बसले आहे तर करते: मला मजा येत होती. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ना, ते मी अक्षरशः करत होते. माने सरांच्या कागदाशिवाय, माझं माझं, मी इतकं चांगलं कधीच बोलले नव्हते. आणि तिकडं एक पोर उपाशीपोटी हळद लावून बसली होती, हे मला त्या वेळी आठवत होतं. आठवत असूनही मी बोलत होते.

तिसऱ्या फोनच्या मधेच सासूबाई ओरडल्या, "अगं, चीक थंड होऊन राहिला! सोऱ्या भर आधी, मग बोल!" त्यांचा आवाज म्हणजे देवळाची घंटा. पण मथुराताई कुठली घाबरते? म्हटलं, "हॉटेलात थांबले बाई घोटभर च्याला, इथली मालकीण ओरडून राहिली पोरांवर. निघालेच!" पुरुषांचं हसणं ऐकू आलं. जमनाबाई फक्त म्हणाली, "या, ताई. सावकाश या." सावकाश. तो शब्द मला तेव्हा विचित्र वाटला, आणि मी लगेच विसरले.

मग चौथा फोन.

आता मी तिथं आले आहे. इथवर यायला मला इतकी वर्षं लागली.

चौथ्या फोनवर हसू नव्हतं. ती "ताई—" एवढंच म्हणाली, आणि मग पुरुषाचा आवाज आला, अगदी जवळ, "दे तो फोन इकडं! कव्हाची ताई ताई लावलंय!" झटापट झाल्याचा आवाज. काहीतरी पडलं. आणि जमनाबाई ओरडली. शब्द नव्हता त्यात. हाड मोडल्यावर माणूस ओरडतं तसं. मग पुन्हा, फोनच्या जरा लांबून, "ताई, बोला! काहीबी बोला!"

मी बोलले नाही. मी फोन बंद केला. नुसता ठेवला नाही — बटण दाबून धरलं, पडदा काळा होईस्तोवर. मग तो पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं, आणि सोऱ्यात चीक भरला. त्या दिवशीची माझी शेवटची कुरडई पहिलीइतकीच गोल होती.

बस. एवढंच आहे ते. एक बाई मला हाक मारत होती आणि तिला माझ्याकडून फक्त आवाज हवा होता. पाय नको होते, हिंमत नको होती, मी मांडवात यावं हेसुद्धा तेव्हा तिनं सोडून दिलं होतं. माझ्याकडं जी एकच वस्तू खरी होती, तीच तिनं मागितली, आणि मी ती झाकण लावून ठेवली.

पुढं काय झालं ते मला आठवड्यानं कळलं. तांड्याचे नायक, पागोटं बांधलेले, केंद्रावर आले. बरोबर चार माणसं, शाल, नारळ. आणि मनीषा, दोन वेण्या घातलेली. मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, आता सगळ्यांसमोर माझं माप निघणार. तर नायक हसत होते! म्हणाले, "ताई, ती जवळा बाजारची शेळी! हसून हसून वऱ्हाडाच्या पोटात दुखलं!"

तेव्हा मला समजलं. जमनाबाईनं माझा प्रत्येक फोन मांडवातल्या माईकला लावला होता. माझं सगळं बोलणं भोंग्यावरून तांडाभर ऐकू गेलं होतं. 'रेडिओवाल्या मथुराताई आपल्या तांड्यावर येऊन राहिल्या' म्हटल्यावर नायकांनीच सांगितलं होतं, त्या आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. लोक खाटा टाकून ऐकत बसले, आणि मुहूर्त टळला. दिराचा संयम सुटला तो त्यानंतर. त्यानं फोन हिसकावताना तिला ढकललं, ती ओट्यावरून पडली आणि मनगट मोडलं. पण तोवर अंगणवाडीच्या बाईनं मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावलेला होता, आणि पोलिसांची जीप आली. लग्न मोडलं.

आणि जमनाबाईनं, त्या मोडक्या हातानिशी, सगळ्या तांड्याला सांगितलं की जीप मथुराताईनंच पाठवली. स्कुटी बंद पडली, फोनची बॅटरी गेली, म्हणून ताईंनी तिकडून गाडी धाडली. अंगणवाडीच्या बाईचं नाव कुठंच आलं नाही. जमनाबाईचं स्वतःचंही नाही. राग धरायचा तो रेडिओवर, आणि मथुराताईवर कोण किती दिवस राग धरणार? दोन दिवसांत लोक पुन्हा शेळीचीच गोष्ट सांगत होते. ती म्हणाली होती तसंच झालं — माणसांना हसत माघार घेता आली.

नायक मला म्हणाले, "ताई, तुमी नसत्या तर लेकराचं वाटोळं व्हतं." शाल पुढं केली.

मी ती घेतली.

म्हणाले का मी, की स्कुटीच नाही माझ्याकडं? की मी गच्चीवर होते? आयत्या बिळावर नागोबा व्हायला फार कष्ट लागत नाहीत, नुसतं खाली बघून 'अहो, त्यात काय' म्हणायचं असतं. मी तेवढं म्हटलं. वर, "बॅटरीनं ऐन वेळी दगा दिला बघा," हेसुद्धा म्हटलं. माने सर कोपऱ्यात उभे होते. त्यांना माहीत होतं मला स्कुटी चालवता येत नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी तब्येतीचं कारण सांगून लिहिणं सोडलं. नंतरचे भाग दुसऱ्यांनी लिहिले.

जमनाबाई केंद्रावर कधीच आली नाही. मीही तांड्यावर कधी गेले नाही. मनीषा मात्र यायची, चिंचा घेऊन, बोरं घेऊन. मी विचारायचे, आई कशी आहे? "हात जरा वाकडा बसला, बाकी बरी हाय." दहावी झाली, बारावी झाली, नर्स झाली. आता आखाडा बाळापूरकडं एका उपकेंद्रात आहे. तिथल्या बायका सांगतात, वेळीअवेळी फोन केला तरी ही पोरगी 'वाटेतच हाय' म्हणते, आणि येते. हे मला कुणी कौतुकानं सांगितलं की मी काहीतरी काम काढून उठते.

या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तिच्या पसंतीच्या मुलाशी, तिनं ठरवलेल्या दिवशी. पत्रिका घेऊन स्वतः आली आणि म्हणाली, "याडीनं सांगितलंय, ताईला बोलाव." आईला त्या याडी म्हणतात. म्हटलं, चला, आता तरी.

रिक्षा केली. धरणाच्या फाट्याला वळलो. अर्धा तासही झाला नसेल, तोच रिक्षावाला म्हणाला, "आला की तांडा." एवढीशी वाट होती.

मांडवात सगळे पुरुष उठून उभे राहिले. दीरसुद्धा, आता केस पिकलेला, हात जोडून. आणि जमनाबाई पुढं आली. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. उंच, उन्हानं रापलेली, डोळे हसरे. विधवा असून तिनंच मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. उजवं मनगट आतल्या बाजूला वळलेलं होतं; नारळ तिला दोन्ही हातांनी धरावा लागला. मी त्या मनगटाकडं बघत होते. मला वाटतं, देवाकडं बघताना माणूस असंच बघत असेल — वर बघायची छाती होत नाही, म्हणून पायांकडं.

जेवायला तिनं मला बायकांत बसवलं. पानात वरण, भात, भाजी — आणि मधोमध एक तळलेली कुरडई. मी इकडं तिकडं पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या पानात कुरडई नव्हती. आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. खांदे हलत होते त्यांचे.

जमनाबाई माझ्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली, "त्या दिशीच्या कुरडया बऱ्या झाल्या व्हत्या का, ताई?"

मी पानातली कुरडई मोडली.

"बायायला सगळ्यायलाच कळलं व्हतं," ती म्हणाली. "हाटेलात कोन चीक हाटतंय? मानसायला न्हाई कळलं." आणि माझ्या पानात भात वाढला.

म्हणजे तिसऱ्या फोनलाच ती समजली होती की मी येत नाही. तरी म्हणाली, 'सावकाश या'. समजूनही तिनं मला बोलतं ठेवलं, कारण मी बोलत होते तोवर अक्षता पडत नव्हत्या. आणि त्या मांडवातल्या साऱ्या बायका — म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, नवऱ्या मुलाकडच्यासुद्धा — भोंग्यावरून माझ्या सासूबाईंचा आवाज ऐकून सगळं ओळखून बसल्या होत्या, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांत नाही. नवऱ्यांजवळ नाही, भांडणातसुद्धा नाही. केवढं मोठं गुपित त्यांनी मिळून सांभाळलं! आणि मी समजत होते, ते मी एकटी सांभाळतेय.

तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला. मथुराताईंनी दोन शब्द बोलावेत. माईक माझ्या हातात आला. आता सांगता आलं असतं. तांडा गप्प झाला होता, लेकरंसुद्धा. मी जमनाबाईकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, मायेनंही नाही. नुसती बघत होती, माणूस काय करतं ते.

मी म्हटलं, "वाटेतच हाय!"

मांडव हसला. पुरुष मोठ्यानं हसले, आणि बायका त्यांच्याहून मोठ्यानं.

कुरडया छान झाल्या होत्या त्या दिवशीच्या. पांढऱ्याशुभ्र, तेलात टाकल्या की कढईभर फुलायच्या. आम्ही त्या वर्षभर खाल्ल्या.